सात ओळींचा साचा

“माझा नवरा दारू पीत नव्हता. तुम्ही छापलंत ते खोटं आहे,” बाई म्हणाली आणि कात्रण माझ्या टेबलावर ठेवून उभी राहिली.

खालच्या शिपायाने तिला थेट माझ्याकडे धाडलं होतं. खरं तर तक्रारी ऐकणं हे माझं काम नाही. मी पेपरची पानं लावते. बातम्या, फोटो, जाहिराती संगणकावर नीट बसवायच्या आणि संध्याकाळी साडेसातला पहिलं पान आणि शहराचं पान छपाईला सोडायचं. तोवर सव्वीस वर्षांत माझं पान एकदाही उशिरा गेलेलं नव्हतं, आणि हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. ऑफिसात मला सगळे मावशी म्हणतात. प्रेमाने म्हणतात की धाकाने, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

कात्रण वाचलं. सात ओळी. नदीपलीकडच्या वस्तीत एकाचा खून, दारूच्या नशेत किरकोळ वाद, पुढील तपास सुरू. वाचता वाचता लक्षात आलं, या ओळी माझ्याच होत्या.

त्याचं असं झालं. वस्तीत खून झाला की आमचा क्राईमवाला तिथे काही जात नाही. तो फोनवरून नाव, वय आणि ठिकाण सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी अशा एका खुनात खरंच दारू होती. ती बातमी मी साचा म्हणून जपून ठेवली. पुढच्या वेळी नाव-वय बदललं की काम झालं, जागाही ठरलेली, सातव्या पानाच्या तळाला. संपादकसाहेबांनी तेव्हा शाबासकी दिली होती आणि मी दिवसभर मिरवलं होतं. मी स्वतः त्याच वस्तीत वाढलेय, तरीही मिरवलं.

“बसा ताई,” मी म्हणाले. ती बसली नाही.

“पंप दुरुस्त करायचे ते,” तिने उभ्यानेच सांगितलं. “दुपारी टाकीजवळच्या खोलीत पंप खोलून बसले होते. बाहेर पाण्यावरून दोघांची जुंपली. एकाने सुरा काढला. हे मधे पडले.”

“दुसरा वाचला?”

“वाचला. काल घरी येऊन रडून गेला. त्याच्या रडण्याचं मी काय करू? सासूबाई गावाला असतात. त्यांना कुणीतरी पेपर वाचून दाखवला. फोनवर मला विचारतात, खरं सांग, प्यायला लागला होता का? स्वतःच्या पोराबद्दल आई मला विचारते. मी सांगितलं, नाही. तर म्हणतात, मग पेपरात कसं आलं?”

याचं उत्तर त्या सगळ्या इमारतीत फक्त माझ्याकडे होतं. क्राईमवाल्यावर ढकलून मोकळी होऊ शकत होते. लाज वाटली, म्हणून नाही ढकललं. साच्याचं सगळं सांगून टाकलं.

तिने ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “मग तुम्हीच दुरुस्त करा,” एवढंच म्हणाली.

पोलिसांना मी स्वतः फोन लावला. त्यांच्या कागदात दारूचं नावही नव्हतं. मग साहेबांच्या खोलीत गेले.

“दोन ओळींचा खुलासा टाका, मावशी,” साहेब म्हणाले.

“दोन ओळींत भागणार नाही. मला तीन कॉलम पाहिजेत. पहिल्या पानावर.”

“जागा कुठे आहे?”

“कुत्र्याची आहे की.”

त्याच आठवड्यात टेकडीवरच्या बंगल्यात एका कारखानदाराचा खून झाला होता. त्याच्या बातम्यांनी आम्ही पाच दिवस पहिलं पान भरत होतो. त्याची शाळा, त्याचं टेनिस, बंगल्याचा नकाशा. त्याचा कुत्रा फाटकाशी उपाशी बसतो म्हणून त्याचाही फोटो. वाईट मलाही वाटलं होतं, कुणाचा का जीव असेना. पण त्या दिवशी कुत्रा तिसऱ्यांदा यायचा होता.

“लोकांना कुत्रा आवडतो, मावशी.”

“मलाही आवडतो. पण त्याचा फोटो दोनदा आलाय साहेब, या माणसाचा एकदाही नाही. आणि खुलाशात लिहा, चूक पान लावणाऱ्या बाईची.”

“स्वतःला कशाला गोवताय?”

“केली मीच ना?”

साहेबांनी समोरच्या कागदावर कुत्र्याच्या फोटोवर फुली मारली. शेवटी म्हणाले, “लावा. पण साडेसात म्हणजे साडेसात.”

बाई तोवर बाकावर बसून होती. तिला माझ्या शेजारी खुर्ची दिली आणि लिहायला घेतलं. तिने पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि पडद्यावर बोट ठेवून अक्षरन् अक्षर तपासलं. मी लिहिलं, ‘बिचारा पंप मेकॅनिक’.

“बिचारा काढा,” ती म्हणाली.

काढलं.

“बिघडलेला पंप ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे, हे लिहा. टेकडीवरच्या बंगल्यांचे पंपसुद्धा तेच बघायचे. तिकडून गाडी यायची न्यायला.”

“त्या कारखानदाराचा?”

“त्याचाही. चांगला माणूस होता म्हणायचे. चहा हातात द्यायचा, पायरीवर ठेवायचा नाही.” तिने पर्समधून फोटो काढला. अंगात निळा डगला, हातात पाना, आणि फोटो काढणाऱ्यावर जरा वैतागलेला चेहरा. “हाच लावा. लग्नातला नको. कामावरचाच पाहिजे.”

पान त्या दिवशी बारा मिनिटं उशिरा गेलं. छपाईवाल्याने खालून दोनदा फोन केला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा उशीर झाला आणि मला काडीचं वाईट वाटलं नाही. उलट इतक्या ताठ मानेने मी त्या जिन्यावरून कधी उतरले नव्हते. निघायच्या आधी साचा पुसून टाकला. पुसताना संगणकाने दाखवलं, तो एकोणीस वेळा वापरला होता.

दुसऱ्या दिवशी दहाला आले, तर बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. माझ्यासाठीच थांबले होते. म्हाताऱ्याच्या मांडीवर आमचा ताजा अंक होता.

“तीन वर्षांपूर्वी आमच्या मुलाचंही असंच छापलं होतं,” तो म्हणाला. “खोटं नाही बोलत बाई, कधीमधी घ्यायचा तो. पण त्या दिवशी नव्हती घेतली. कामावरून परत येत होता.”

“एवढ्या उशिरा चालतं का?” म्हातारीने विचारलं.

“चालतं,” मी म्हणाले. साहेबांना मी काहीच विचारलेलं नव्हतं. दोन खुर्च्या ओढल्या, संगणक चालू केला आणि कोरं पान उघडलं. “पूर्ण नाव सांगा.”

म्हातारा तोंड उघडणार तोच तिने त्याचा हात दाबला. “मी सांगते,” म्हणाली. मग उठून पदर सारखा केला, आणि उभी राहून तिने मुलाचं नाव सांगितलं.