अफ्रीनला गाडी लागते

इद्रीसने त्याच राउंडअबाउटला आणखी एक फेरी मारली आणि आरशातून मागे पाहिलं. मागच्या सीटवर त्याची भाची अफ्रीन ताठ बसली होती. डोळे मिटलेले, ओठ आवळलेले, नाकाशी लिंबाची साल गुंडाळलेला रुमाल. पोरीचा रंग पार उतरला होता, पण उलटी काही होत नव्हती.

“रस्ता चुकलात काय मामू?”

“होय गो. वळण सापडत नाही.”

रोज याच रस्त्याने मीना अब्दुल्ला बंदराजवळच्या रिफायनरीत कामाला जाणारा माणूस हा. डोळे बांधून सोडला असता तरी पोचला असता.

झालं होतं असं की ईदच्या दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना इद्रीसला बहिणीचा उमाळा आला. शाझिया जाब्रियाच्या हॉस्पिटलात नर्स. नवरा वारल्यापासून ती आणि तिची ही एकुलती एक पोर इथे आखातात, फरवानियात, भावाच्या घरीच राहत होत्या. सुट्टीत आम्ही युरोपला जाणार, पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, सगळं कोचने, पोराबाळांना सोयीची छोटी सहल आहे, आणि आमच्या दोघा मुलांबरोबर अफ्रीनही येणार, असं तो बोलून बसला. शाझियाचे डोळे भरून आले. त्याची बायको जमिला नंतर खोलीत बोलली. हॉटेलची खोली चौघांची, पाचवीला कुठे निजवणार? त्यात तिला गाडी लागते. दिवस दिवस कोचमध्ये बसायचं, तर मी युरोप बघू की हिच्यापुढे पिशव्या धरू? इद्रीसने मान डोलावली. बुकिंग चौघांचं झालं, व्हिसे चौघांचे आले. शाझियाने हौसेने आणून दिलेला अफ्रीनचा पासपोर्ट त्याच्या कपाटात तसाच पडून होता.

राहिलं होतं ते फक्त सांगणं, आणि तेवढंच त्याच्याने होत नव्हतं. धाकट्या बहिणीपुढे शब्द फिरवायचा म्हणजे तोंड कुठे लपवायचं? मग त्याला युक्ती सुचली, आणि सुचली तेव्हा तो स्वतःवर खूशही झाला. कोचमध्ये ओकणारी मुलं चालत नाहीत, आधी परीक्षा घेऊ, असं त्याने घरात जाहीर केलं. मीना अब्दुल्लाला जाऊन यायचं. उलटी झाली नाही तर युरोप पक्का. गोळी द्यायची नाही. शाळेच्या बसमध्ये आठवड्यातून एकदा ओकणारी पोर ही. घरी परतेपर्यंत काम आपोआप होऊन जाणार होतं.

आणि आज ती ओकायला तयार नव्हती.

त्याने एसी बंद केला. इंजिन तापतंय, म्हणाला. खिडकी उघडली तशी भट्टीची झळ आणि रिफायनरीचा वास दोन्ही आत आले. पुढे रस्ता मोकळा असताना त्याने उगाच ब्रेक दाबला.

“मामू, कोचमध्ये एसी असतो ना?”

“असतो.”

“मग तिथे इझी जाईल.” तिने रुमाल नाकावर घट्ट धरला. “खिडकीत तुमच्या ओवैसला बसू द्या. मी मध्ये बसेन.”

त्याला एकदम तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण गाडी चालू होती, आणि व्हिसे चार होते.

मीना अब्दुल्ला आलं. परीक्षेचा अर्धा भाग पोरीने पार केला होता. इद्रीसने एका दुकानासमोर गाडी लावली आणि शवर्मा घेतला, लसूण-मेयोनीज जास्तीचं टाकून. वर आंब्याच्या रसाचा मोठा ग्लास.

“मी घरी जाऊन खाल्लं तर?”

“अगो, पास झालीस तू. मामूची पार्टी नको?”

“परतीचं बाकी आहे.”

“ते झालंच समज.”

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मामू एवढ्या मायेने देतोय, नको कसं म्हणायचं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. तिने सगळं खाल्लं. ग्लास रिकामा करून दाखवला.

परतताना ती पुन्हा डोळे मिटून बसली. फरवानियाच्या इमारती दिसायला लागल्या तेव्हा तिचा हात त्याच्या खांद्यावर पडला. त्याने गाडी कडेला घेतली. दार उघडून ती बाहेर वाकली. सीटवर एक थेंब पडू दिला नाही.

इद्रीसचा जीव भांड्यात पडला. लाज वाटली त्याला, नाही असं नाही, पण सुटल्यासारखं जास्त वाटलं. तो उतरून तिची पाठ चोळत राहिला. तोंडावरून पाण्याचा हात फिरवला.

“मामू, गाडीत नाही झाली. बाहेर झाली. ही धरायची?”

तो बाटलीचं झाकण लावत होता. “धरावी लागेल, बाळा.”

ती रडली नाही. पुढचा रस्ताभर खिडकीतून बाहेर बघत बसली.

दार शाझियानेच उघडलं. नुकतीच ड्यूटीवरून आली होती, कपडेसुद्धा बदलले नव्हते. लेकीचा चेहरा पाहून तिला काही विचारावं लागलं नाही. तरी तिने विचारलं.

“काय खाल्लंस?”

अफ्रीनने एकदा मामूकडे पाहिलं.

“शवर्मा. मीच हट्ट केला. मामू नको म्हणत होते.”

शाझियाने तिच्या पाठीत धपाटा घातला. मागून आलेली जमिला स्वयंपाकघरात निघून गेली.

“एवढासा दम धरवला नाही तुला? तुझ्यासाठी सुट्टीचा दिवस घालवला त्याने, एवढ्या उन्हात.” ती भावाकडे वळली. “भाई, तू केलंस तेवढं पुष्कळ केलंस. हिच्याच नशिबात नाही.”

इद्रीस वाकून बूट काढत होता. बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं. अफ्रीन आईच्या आडून त्याच्याकडे बघत होती, आणि तिने हळूच मान हलवली, सांगू नका म्हणून.

“मारू नको गो तिला,” तो म्हणाला. “लहान आहे. चुकतात मुलं.”