सहाव्या वल्ह्याची वाट

डोक्यावर ओला टॉवेल वाळत असताना आपली जीवनकहाणी सांगणे सोपे नसते, पण प्रयत्न करतो. मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे थंडगार दालन आणि निळे दिवे येत असतील. मी मात्र केस कापण्याच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत, शाम्पूच्या कॅनशेजारी राहतो. माझ्या पंख्यात इतक्या जणांचे केस अडकले आहेत की अर्धी वस्ती मी आतून ओळखतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्मतः मी साधा कॉम्प्युटर होतो. पहिली नोकरी दाताच्या दवाखान्यात लागली. तिथे मी लोकांच्या दाढांच्या वेळा सांभाळत असे. मला पाहून कोणी हसल्याचे आठवत नाही. तशी उघडी तोंडे पुष्कळ दिसायची. पुढे डॉक्टरांनी नवा कॉम्प्युटर आणला आणि मला जिन्याखाली ठेवले. तिथे धूळ खात पडलो असताना धाकटा आला.

धाकटा म्हणजे या दुकानाच्या मालकिणीचा धाकटा भाऊ. तो आला होता दाढ काढायला. जाताना डॉक्टरांना विचारून मला बगलेत मारून घेऊन गेला. "एक देऊन एक आणला," असे तो अजूनही सांगतो.

धाकट्याने एक खेळ बनवला होता आणि तो माझ्यात भरला. खेळाचे नाव 'पैलतीर'. खेळणारे आपापल्या घरी बसलेले असतात, पण नदी माझ्यात असते. एका नावेत सहाजण बसतात आणि वल्ही मारत सामान पलीकडे नेतात. सामान म्हणजे कधी पियानो, कधी झोपलेली गाय, कधी कपाट आणि कपाटात राहिलेले पाहुणे. पलीकडे पियानोचे काय करतात, हे धाकट्याने ठरवलेच नव्हते. कोणी विचारलेही नाही.

डावीकडे तीन वल्ही, उजवीकडे तीन. एक जरी कमी पडले तरी नाव पुढे न जाता गोल फिरते. त्यामुळे आमच्याकडे एक रीत पडली. नावेत चढलेला प्रत्येकजण "बसलो" किंवा "बसले" म्हणतो. सहावा म्हणेपर्यंत कोणीही वल्हे पाण्याला लावायचे नाही. हा नियम धाकट्याने लिहिलेला नव्हता. तो आपोआप झाला, आणि म्हणूनच सगळे तो पाळत.

काय दिवस होते ते! संध्याकाळी काठावर नावांची रांग लागे. जुने खेळाडू नवख्यांना शिकवत. निवृत्त झालेले एक बसड्रायव्हर होते, त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. रिकाम्या नदीतही ते वळण्याआधी हात दाखवायचे. चिमटा नावाची एक नर्स होती. एक जोडपे होते. ते एकाच घरातल्या दोन खोल्यांतून खेळे आणि भांडण झाले की फक्त नावेतच बोले.

"तुमचं वल्हं उशिरा पडतंय."

"तुझं लवकर पडतंय."

"लग्नातही मीच वेळेवर होते."

यावर बाकीचे चौघे मुकाट्याने वल्हवत.

आणि एक होता भोपळा. बेकरीत पाव भाजायचा, नावेत सहाव्या वल्ह्यावर बसायचा. त्याच्यासारखा ठोका कोणाचाच नव्हता. त्याचे वल्हे पाण्यात पडले की बाकीच्यांची आपोआप पडत.

मग तो मोठा खेळ आला. त्याचे नाव मी घेत नाही; त्याला माझी गरज नाही. त्यात शंभर माणसे आकाशातून एका बेटावर पडतात आणि शेवटी एकच उरेपर्यंत एकमेकांना झोडपतात. दर आठवड्याला नवे कपडे मिळतात. मी त्याला वाईट म्हणणार नाही. तो छान खेळ आहे. वाईट असता तर आमचे बरे झाले असते.

आधी तरुण पोरे गेली. मग त्यांचे मित्र गेले. काठावर सहाजण जमायला वेळ लागू लागला. थांबून थांबून कंटाळलेले गेले, आणि ते गेले म्हणून उरलेल्यांना आणखी थांबावे लागले. लोक तिथे का जातात? तर सगळे तिथे आहेत म्हणून. सगळे तिथे का आहेत? तर लोक तिथे जातात म्हणून. हे गणित मी दोनदा करून पाहिले. दोन्ही वेळा बरोबर आले.

इतर लहान खेळांचीही तीच गत झाली. डोंगरावर मेंढ्या हाकण्याचा एक खेळ होता. त्यात शेवटी मेंढ्याच उरल्या. गुप्तहेरांचा एक खेळ होता. तो बंद पडला की अजून चालू आहे, हे आजही कोणाला सांगता येत नाही.

आमच्याकडे शेवटी धाकट्यासकट सहाजण राहिले. सहा म्हणजे बरोबर एक नाव. आणि एका संध्याकाळी भोपळा म्हणाला, "भाचा फार मागे लागलाय. दोन दिवस तिकडे जाऊन येतो."

"जा की," ड्रायव्हरकाका म्हणाले. "सुट्टी सगळ्यांनाच लागते."

दोन दिवस गेले, पुढचेही गेले. पाचजण रोज येऊन बसत. पाच वेळा "बसलो" होई आणि मग नुसता पाण्याचा आवाज. तो आवाज धाकट्याने फार सुंदर केला आहे, पण तासभर ऐकण्याजोगा नाही.

अशातच ताई मागच्या खोलीत आली. ताई म्हणजे दुकानाची मालकीण. तिच्या एका हातात कात्री होती, दुसऱ्या हातात मोजपट्टी. तिने माझी उंची घेतली. मित्रांनो, ज्याची उंची घेतात त्याचे भले क्वचितच होते.

"केस धुवायचं बेसिन बसवायचंय इथे," ती म्हणाली. "सोमवारी प्लंबर येतोय."

धाकटा उडालाच. "अगं ताई, पुढे लाव ना!"

"पुढे कुठे? आरशात? गिऱ्हाइकं डोकं ओलं करून अख्खं दुकान ओलांडतात. परवा एकजण घसरून थेट दुसऱ्याच्या मांडीवर बसला."

"पण इथे नदी आहे."

"चालू नदी असेल तर मी हात लावणार नाही, शब्द देते. पण बंद नदीसाठी खोली अडवून ठेवू? गेला आठवडाभर तुमची नाव हललेली नाही. मी रोज टॉवेल वाळत घालायला येते, मला दिसतं."

ती खरेच बोलत होती, म्हणून मला राग आला नाही. नुसता गरम झालो.

धाकट्याने त्या संध्याकाळी सगळ्यांना हकीकत सांगितली. "सोमवारपर्यंत नाव पलीकडे गेली नाही, तर सर्व्हर बंद. मी असं करतो, चार वल्ह्यांची नाव करून टाकतो आणि स्वतः काठावर बसतो. दहा मिनिटांचं काम आहे."

ड्रायव्हरकाका म्हणाले, "आज चार. उद्या कोणी गेलं की दोन. मग काय, मी एकटा परातीत बसून जाऊ? अरे, माणसं कमी झाली म्हणून नदी अरुंद करतात का? माणसं शोधतात."

जोडप्यातली बायको म्हणाली, "मी दोन वल्ही मारून बघते. एक हाताने, एक पायाने."

तिने खरोखर पायाखाली दुसरा कीबोर्ड घेतला. नदीच्या मध्यावर आम्ही इतके गोल फिरलो की झोपलेली गाय उठली. गायीला उठता येते हे धाकट्यालाही माहीत नव्हते. त्याने ते लिहिलेच नव्हते.

"भोपळा हवा तर भोपळा जिथे आहे तिथे जायला हवं," चिमटा म्हणाली. "तो वॉर्डमधल्या पेशंटसारखा आहे. बोलावलं तर येत नाही. जाऊन उभं राहिलं तर येतो."

तेव्हा ते पाचही जण त्या मोठ्या खेळात गेले. मला तिथे प्रवेश नव्हता, पण धाकट्याचा लॅपटॉप माझ्याशेजारीच होता, त्यामुळे सगळे ऐकू येत होते. शंभर माणसे आकाशातून पडली. पंचाण्णव जण हत्यारांकडे धावले. आमच्या पाचजणांना तिथे काय करायचे ते कळेना. पण अंगवळणी पडलेली सवय जाते कुठे? उघड्या माळावर ते एकामागे एक, रांगेत खाली बसले.

"बसलो."

"बसले."

"बसलो."

"बसले."

"बसलो," ड्रायव्हरकाका शेवटी म्हणाले, आणि सहाव्याची वाट पाहू लागले. तेवढ्यात झुडपातून कोणीतरी पाचही जणांना टिपले.

गोळ्या घालणारा धावत जवळ आला. मेलेल्यांची नावे त्याच्या पडद्यावर आली असावीत, कारण तो एकदम ओरडला, "अरे बापरे! काका?"

तो भोपळा होता.

"नेम चांगला आहे तुझा," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"काका, खरंच ओळखलं नाही हो! पण तुम्ही असे उघड्यावर का बसलात?"

"सहावा यायचा होता."

त्या खेळात मेलेल्यांना फार वेळ थांबू देत नाहीत, म्हणून पाचही जणांना बाहेर पडावे लागले.

रविवारी ते पुन्हा गेले. पुन्हा माळ, पुन्हा रांग, पुन्हा पाच वेळा "बसलो". चारी बाजूंनी गोळ्या चालू होत्या. मग मागून पावलांचा आवाज आला. धाकट्याने डोळेच मिटून घेतले.

"बसलो," भोपळ्याचा आवाज आला.

पाचहीजण एवढ्याने ओरडले की पुढे दुकानात ताईच्या गिऱ्हाइकाची एक मिशी गेली. सहाव्याने वल्हे नसलेल्या हातांनी ठोका धरला आणि सगळे कोरड्या माळावर वल्हवू लागले. पुढच्याच क्षणी सहाही मेले. पण या वेळी ते ओळीत मेले.

त्यानंतर जे झाले ते कोणी ठरवून केले नव्हते. पुढच्या डावात ते बसले तेव्हा एका अनोळखी मुलीने विचारले, "इथे बसल्यावर काय मिळतं?"

"काही नाही," ड्रायव्हरकाका म्हणाले.

मित्रांनो, त्या खेळात प्रत्येक गोष्टीचे काहीतरी मिळते. त्यामुळे 'काही नाही' यावर कोणाचा विश्वास बसेना. नक्कीच मोठे काहीतरी असणार, म्हणून ती बसली. तिचे मित्र बसले. त्यांना मारायला आलेले बसले. बघता बघता अख्खी रांग झाली. एकमेकांना झोडपायला आलेली माणसे हारीने बसून पुढच्याच्या पाठीकडे पाहत होती.

"आता काय करायचं?" मागून कोणीतरी विचारले.

"आता वल्हवायचं."

"वल्हं कुठेय?"

"ते आमच्याकडे आहे," धाकटा म्हणाला. "पियानोसुद्धा आहे."

सोमवारी प्लंबर आला तेव्हा माझ्या काठावर चेंगराचेंगरी झाली होती. बरेच जण नुसते पाहायला आले होते. दोघे पियानोला गोळ्या घालता येतात का, हे विचारत होते. पहिली नाव आमच्या जुन्या सहाजणांची होती. पियानो चढवला, सहा वेळा "बसलो" झाले आणि नाव हलली.

प्लंबरने पाना काढला आणि माझ्या वायरीला हात घातला. "हे खोकं हलवायचं ना?"

मी जन्मात एवढा गरम झालो नव्हतो. नाव मधोमध होती. ताईने पडद्याकडे पाहिले.

"थांबा जरा. नाव चाललीय."

"किती वेळ?"

"पलीकडे पोचेपर्यंत."

प्लंबर कंटाळून शाम्पूच्या कॅनवर बसला. थोड्या वेळाने तो पुढे झुकला. मग म्हणाला, "तो डावीकडचा दुसरा उशीर करतोय."

"मी रोज तेच सांगते!" स्पीकरमधून जोडप्यातली बायको ओरडली.

"दम सोडू नका!" प्लंबर ओरडला. "मी रोज माझ्या माणसाबरोबर मोठाले पाइप वर चढवतो. ठोका चुकला की दोघंही जिन्यात. एक... दोन... हां, आता!"

नाव काठाला लागली. पियानो उतरला. काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या नावेसाठी भांडणे सुरू झाली. प्लंबर उठला, खोलीभर फिरला, भिंती ठोकून पाहिल्या.

"ताई, बेसिन त्या समोरच्या कोपऱ्यातही बसेल," तो म्हणाला. "पाइप थोडा वळवावा लागेल एवढंच."

"शब्द दिला होता," ताई म्हणाली. "वळवा."

तर आता बेसिन माझ्या समोर आहे. गिऱ्हाईक मान मागे टाकून डोके धुऊन घेते आणि उलट्या पडद्यावर नाव बघते. माझ्या झाकणावर थोडे पाणी उडते, पण नदीवाल्याने पाण्याची तक्रार करू नये.

सोमवारी आलेल्यांपैकी बहुतेक आठवडाभरात मोठ्या खेळात परतले. तिथे नवे कपडे आले होते. ती अनोळखी मुलगी राहिली, तिचे काही मित्र राहिले, आणि प्लंबर दुपारी काम नसले की येतो. बहुतेक संध्याकाळी दोन नावा निघतात, काही वेळा एकच. भोपळा दोन्हीकडे खेळतो. कधी आमची सगळी मंडळी त्याच्याबरोबर त्या माळावर जाऊन बसतात आणि आनंदाने मरून येतात.

मित्रांनो, मोठ्या खेळात जरूर जा. गर्दीचीही एक मजा असते. तिथे शंभरातला एक आला नाही तर नव्याण्णव पडतात आणि खेळ सुरू होतो. कोणी वर पाहतही नाही. पण तुमच्या ओळखीत कुठेतरी एखादा लहानसा खेळ, लहानसा गट असेल, जो तुमच्यावाचून जागच्या जागी गोल फिरतो. तो कोणी मोडत नाही. तो नुसता ओस पडतो, आणि ओस पडताना आवाजही होत नाही. तेव्हा अधूनमधून तिथे डोकावत जा. वल्हवता आले नाही तरी चालेल, ते शिकवतात. माणूस मात्र लागतो.

आता पुरे करतो. ड्रायव्हरकाका आलेत, चिमटाची ड्यूटी संपली, जोडप्याचे भांडण झाले आहे म्हणजे दोघेही येणारच, आणि धाकटा इथेच आहे. भोपळ्याला आज बेकरीत उशीर होणार आहे. पाचजण आहेत आणि गाय चढवून झाली आहे.

तुम्ही आत्ता काय करताय?