टेलरबाईंच्या पोटरीतलं चाक

मित्रांनो, मी टेलरबाईंच्या डाव्या पोटरीतलं एक जुनं विकर, म्हणजे एन्झाइम आहे. नाव एटीपी सिंथेज. नाव भारदस्त, काम सोपं. पेशीत तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया असते, तिच्या पडद्यात मी बसतो. माझे शेजारी तुमच्या अन्नातून आणि श्वासातून शक्ती काढून प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलतात. ते माझ्यातून परत धावले की मी चाकासारखा गरगर फिरतो आणि एटीपीचे कण घडवतो. त्यांच्यावरच स्नायू चालतो.

माझा जन्म प्लास्टरमध्ये झाला. बाईंचा घोटा मोडला होता. बाई पायाने शिलाई मशीन चालवायच्या त्या दिवसांत किती धमाल असायची, हे मी थोरांकडूनच ऐकलं. आता काम नव्हतं, त्यामुळे थोरले मोडीत निघत आणि नवे फारसे येत नसत. प्लास्टर निघालं तरी घरच्यांची माया आड आली. सून पाण्याचा पेलाही हातात देई. शेवटी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना दटावलं. मग टेलरबाई रोज गच्चीवर चालू लागल्या आणि आमच्या वस्तीत नव्या चाकांची रीघ लागली.

तोवर मुलगा मशीनला बसवायची मोटर घेऊन आला. बाईंचा चेहरा उतरला. त्या तडक मशीनवर बसल्या. चाकाला हात न लावता नुसत्या पायाने मशीन सुरू करायची, ही त्यांची जुनी ऐट. पायडल हललं, चाक उलटं फिरलं आणि दोरा तटकन तुटला. मला फार वाईट वाटलं. प्राणवायू तुटला की आमचंही चाक असंच उलटं फिरतं आणि घडवलेलं खाऊन टाकतं.

मुलगा हळूच म्हणाला, "आई, राहू दे ना."

बाईंनी पुन्हा दोरा ओवला. या वेळी ऐट बाजूला ठेवून हाताने चाकाला धक्का दिला, आणि पायाला ताल सापडला! आम्ही सगळे असे फिरलो म्हणून सांगू! मशीन खडखडत सुटलं. सून हसत दारात उभी राहिली.

"मोटर तुझ्या खुर्चीला बसव," बाई मुलाला म्हणाल्या. "दिवसभर तूच बसलेला असतोस."

मित्रांनो, माझे थोडेच दिवस उरलेत, पण मी खुशीत आहे. तुमच्याही पोटरीत माझी भावंडं वाट बघत बसली आहेत. उठा, जरा चालून या.