मागच्या फाटकाची कडी

या, असे जवळ येऊन बसा. भिंतीला टेकलेत त्यांनीही जरा पुढं सरका, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. एका चष्मेवाल्याची गोष्ट आहे, त्याच्या ताईची आहे आणि एका कुत्र्याची आहे. कुत्र्याचं नाव ठिपक्या. अंगावर औषधालाही ठिपका नव्हता, सगळा भाजलेल्या पावाच्या रंगाचा. मग नाव असं का, तर ऐका.

चष्मेवाल्याला फोटोंचा भारी नाद. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर काचा बसवायच्या आणि उजाडता उजाडता ट्रायपॉड खांद्यावर टाकून टेकडी गाठायची. टेकडी, तिच्या पायथ्याचं तळं, तळ्यापलीकडचं मोकळं रान, हेच पुन्हा पुन्हा. त्याचं म्हणणं असं, की नुसती टेकडी काढली तर ती केवढी आहे ते कळत नाही. देवानं केवढं थोरलं करून ठेवलंय ते समजायला समोर काहीतरी लहान हवं. म्हणून प्रत्येक फोटोत कुत्रा. "बस तिथं," म्हटलं की दोनशे पावलांवर जाऊन हा शहाण्यासारखा बसायचा आणि फोटोत एवढासा ठिपका दिसायचा. दुकानात आलेलं गिऱ्हाईक भिंतीवरचा फोटो बघून म्हणायचं, "छान आहे हो, पण इथं काचेवर डाग पडलाय." तो म्हणायचा, "डाग नाही, आमचे चिरंजीव आहेत."

टेकडीवर जाणं झालं नाही तर परस होतंच. मागच्या फाटकाजवळ पाण्याचं पसरट भांडं ठेवलं होतं आणि समोरच्या लिंबोणीच्या खोडाला एक छोटा कॅमेरा बांधला होता. समोर काही हललं की तो आपणहून फोटो काढायचा आणि कोपऱ्यात तारीख-वेळ छापायचा. खारी यायच्या, सरडे यायचे. एकदा भर दुपारी एक घुबड येऊन भांड्यात पाय बुडवून बसलं होतं, दमून आलेल्या म्हाताऱ्यासारखं.

घरात दोघंच. तो आणि ताई. ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी, पुढच्या खोलीत मशीनवर पडदे शिवायची. त्याला हाताला धरून शाळेत नेलं तेही तिनंच आणि दुकान थाटताना पाठीशी उभी राहिली तीही तीच. तो तिला "ए ताई" म्हणायचा, चहा गार झाला की भांडायचा, आणि तिच्यावाचून त्याचं पान हलायचं नाही.

मग ती सकाळ आली. ठिपक्याच्या पुढच्या पायात काच घुसली होती, पट्टी बांधलेली होती, म्हणून त्याला घरीच ठेवून चष्मेवाला एकटा टेकडीवर गेला. परतला तेव्हा मागचं फाटक सताड उघडं होतं आणि ताई पायरीवर बसून होती. ठिपक्या लंगडत धन्याच्या मागावर निघाला होता. वळणावर पावाच्या गाडीखाली आला.

"कडी लावली नव्हतीस का रे?" एवढंच ताईनं विचारलं.

त्याला आठवेना. रोजची गोष्ट, हात आपला करत असतो, डोक्याला कुठं पत्ता असतो. आठवत नाही म्हणजे लावली नसणार, असं त्यानं धरलं. आणि ताईनं त्याचं डोकं पोटाशी घेऊन म्हटलं, "होतं असं. माणूस आहेस."

तिथून सात महिने तो माणूस स्वतःच्याच पायांखाली होता म्हणा. कॅमेरे ट्रंकेत गेले. भिंतीवरचे फोटो उतरले, कारण त्या ठिपक्याकडे बघवेना. जुनं गिऱ्हाईक कुत्र्याची चौकशी करायचं, तर हा नंबर तपासता तपासता सांगायचा, "माझ्या हातून गेला." सकाळी अंघोळ करून हात जोडायचा आणि देवाकडे त्याच एका गोष्टीची क्षमा मागायचा. मग स्वयंपाकघरात आला की ताई चहा पुढं करायची, डोक्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "होतं असं." त्या दोन शब्दांवर त्याचा दिवस निघायचा. ताई आहे म्हणून मी उभा आहे, असं तो खरोखर मानायचा.

एके दिवशी शाळेतल्या विज्ञानाच्या बाई काडी मोडलेला चष्मा घेऊन आल्या. "तुमच्याकडे खारीचे फोटो असतील ना? वर्गात लावायला हवेत. पुस्तकातली खार उंदरासारखी दिसते, मुलं हसतात."

नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. घरी जाऊन त्यानं लिंबोणीवरचा कॅमेरा सोडला. सात महिने कुणी हात लावला नव्हता, बॅटरी कधीच मेली होती, पण आतलं कार्ड शाबूत होतं. दुकानात, काचांची ऑर्डर द्यायच्या कॉम्प्युटरवर त्यानं ते लावलं. खारी शोधत होता बिचारा. तारखा पुढं सरकत गेल्या आणि ती तारीख आली.

सहा वाजून दहा मिनिटं. ट्रायपॉड घेतलेला तो स्वतः, फाटकाच्या बाहेर, हात कडीवर. पुढचा फोटो: कडी बसली आहे आणि तो ती ओढून बघतो आहे. चष्म्याचा स्क्रू पिळला की एकदा ओढून बघायचा, ही त्याच्या धंद्याची सवय. ती फाटकालाही लागली होती, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

त्यानं खुर्ची पुढं ओढली.

सहा पन्नास. ताई, हातात कचऱ्याची बादली, फाटक उघडून बाहेर. सहा एकावन्न. उघडं फाटक, आणि ठिपक्या, पट्टीचा पाय उचलून, नाक बाहेर काढलेलं. लगेच पुढचा, त्यात नुसतं शेपूट. सात वाजून चार. ताई रिकामी बादली घेऊन आत आली आहे, वळून कडी लावते आहे. कुत्रा बाहेर गेल्याचं तिच्या गावीही नाही.

इथवर तो रडत होता. ताईचाही त्याला राग नव्हता. कचरा टाकायला कोण जात नाही? त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता आणि तो ताईच्या छातीवर जाऊ नये, याचाच विचार त्याच्या मनात आला. फोटो पुसून टाकावा, असंही वाटलं. असा होता तो.

पण अजून एक फोटो होता. सात चौतीस. ताई फाटकाशी, हातात काही नाही. तिनं कडी काढली आहे आणि फाटक ती पूर्ण आत ओढून ठेवते आहे. बाहेर जायला नव्हे. तिची पावलं घराकडे वळलेली आहेत.

त्यानं तो एकच फोटो छापून घेतला आणि दुपारी दुकानाचं शटर ओढून घरी गेला.

ताईचं मशीन चालू होतं. त्यानं फोटो पडद्याच्या कापडावर ठेवला.

"काय आहे? थांब, माझा चष्मा कुठं गेला."

"डोक्यावर आहे."

तिनं चष्मा खाली ओढला. मशीनवरचा पाय थांबला.

"कडी लावलेली होती, ताई. तूच लावली होतीस. मग परत का काढलीस?"

ती कापडाच्या कडेला बोट फिरवू लागली. मग म्हणाली, "पाववाला पुढच्या दाराशी सांगून गेला. मला काही सुचेना. वाटलं, आता तू येशील आणि बंद फाटक बघून विचारशील, कुत्रा बाहेर गेला कसा."

"विचारलं असतं. मग?"

"मग काय. तुझी चूक असली तर मी तुला पोटाशी धरीन, हे मला माहीत होतं. माझी असली तर तू मला धरशील की नाही, हे नव्हतं माहीत. ह्या वयात कुठं जाऊ रे मी?"

"तुला वाटलं मी तुला घराबाहेर काढीन? कुत्र्यासाठी?"

"तुझ्यासाठी तो नुसता कुत्रा होता का?"

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"चूक गेली खड्ड्यात," तो म्हणाला. "चूक मी दारातच सोडून आलो होतो. पण रोज सकाळी माझ्या डोक्यावर हात ठेवून 'होतं असं' म्हणायचीस, ते कुठल्या तोंडानं? मी त्याच्यावर जगत होतो, ताई."

"तुला नव्हते म्हणत," ती अगदी हळू म्हणाली. "मलाच म्हणत होते. मला म्हणायला दुसरं कोण होतं?"

तो वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, राग निवतो. तो म्हणाला, "सात महिने मला माफ केलंत. ते तुमचं तुम्हाला परत."

ताईनं मान वर केली. माफ केलंत. तुमचं. बेचाळीस वर्षांत त्यानं तिला एकदाही असं म्हटलं नव्हतं. "असं नको बोलूस," ती म्हणाली. "शिव्या दे हवं तर."

"तुम्हाला कशा देऊ?"

आणि मंडळी, ते तसंच राहिलं. घर मोडलं नाही, चुली वेगळ्या झाल्या नाहीत. तिचे गुडघे दुखले की तो औषध आणून देतो, तिच्या चष्म्याचा नंबर वर्षाला तपासतो. "तुम्ही जेवलात का? तुम्ही पडा जरा." शेजारीण परवा कौतुकानं म्हणाली, "भाऊ असावा तर असा, बहिणीला केवढा मान देतो." ताई बरं म्हणाली आणि पडद्याची शिवण उसवत बसली. शिवण सरळच होती.

तो पुन्हा टेकडीवर जातो. देवाकडे क्षमा मागणं त्यानं बंद केलंय, आणि मागायचं काय ते अजून त्याला सापडलेलं नाही. त्याचं बघणारा वर आहे. मला काळजी आहे ती दुसऱ्याच माणसाची. तुम्ही आपल्या घरी हात जोडाल, आईबापांची, लेकरांची नावं घ्याल, तेव्हा जमलं तर एका बाईची आठवण ठेवा. तिच्या हातून चूक झाली, मग लबाडीही झाली, आणि आता एकाच छपराखाली तिचा सख्खा भाऊ तिला अहो-जाहो करतो. तिच्यासाठी दोन शब्द टाका. एकेरीत टाका.