यंत्रानंदांचं भगवं फडकं

प्रिंटरच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला होता. चिकलठाण्याच्या त्या बेअरिंग विकणाऱ्या कंपनीतलं सगळं ऑफिस आत अनवाणी, डोळे मिटून उभं होतं. प्रिंटरवर ‘टोनर संपला’ अशी सूचना लुकलुकत होती. यंत्रानंद महाराजांनी त्यावर भगवं फडकं टाकलं आणि दोन्ही हात आत घातले.

“बालकांनो, या यंत्राला भूक लागलेली नाही, याचा अपमान झालाय. रुसलेल्या जावयासारखी याची समजूत काढावी लागते. ॐ ह्रीं पूर्णं भव.”

फडकं निघालं. सूचना गायब झाली होती. बटण दाबताच काळ्याभोर अक्षरांतलं कोटेशन बाहेर आलं.

“लई पावर हाय महाराजांत,” हिशेब बघणारे पुंजाराम हात जोडून म्हणाले.

मृण्मयीनं मात्र डोळे मिटले नव्हते. ऑफिसच्या छपाईची जबाबदारी तिची होती. दोन्ही बाजूंनी छापा, उगाच छापू नका, असं सांगून सांगून तिचा घसा बसला होता आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. महाराजांनी तेच व्रत म्हणून सांगितलं. कागदाची एक बाजू कोरी सोडणं म्हणजे लक्ष्मीचा अपमान, आणि छापण्याआधी चप्पल काढून मंत्र म्हणायचा. झालं, सगळे गरीब गाईसारखे वागू लागले. खर्च निम्म्यावर आला. महाराजांना आणणारा नवखा शंतनू मालकांच्या गळ्यातला ताईत झाला. सोमवारी सगळ्या शाखांची छपाई त्याच्याकडे जाणार होती, महाराजांच्या मार्गदर्शनाखाली.

मृण्मयीचा जळफळाट होत होता. शंतनूचा हेवा वाटत होताच, पण त्याहून जास्त त्या भगव्या कफनीचा. त्या जळफळाटानंच तिचे डोळे आणि कान उघडे ठेवले होते. फडक्याखालून तिला ‘खट्’ असा आवाज ऐकू आला, मग बटणांची टिकटिक. आशीर्वाद द्यायला झाकण कशाला उघडावं लागतं?

शनिवारी वरच्या मजल्यावरच्या प्रिंटरनंही तीच सूचना दाखवली. जेवणाच्या सुट्टीत तिनं पुढचं झाकण उघडलं. टोनरचा डबा काढून हलवला, तर आत पूड बरीच होती. तो परत बसवून ती बटणं दाबत बसली. बरीच खटपट झाल्यावर यंत्रानं विचारलं, नवा टोनर बसवलात का? तिनं धडधडीत खोटं ‘हो’ दाबलं. यंत्रानं ते मुकाट मानलं आणि सूचना पुसली गेली.

सोमवारी खालचा प्रिंटर पुन्हा अडला. महाराज हार घालूनच बसले होते.

“महाराज, आज फडक्याशिवाय करा,” मृण्मयी म्हणाली.

“फडक्याविना शक्ती सांडते, कन्ये.”

“मग मी करते.” तिनं सर्वांसमोर झाकण उघडलं, बटणं दाबली. कागद बाहेर आला. “याला आतली पूड दिसत नाही. हे फक्त पानं मोजतं आणि ठरलेला आकडा झाला की संपलं म्हणून ओरडतं. नवा टोनर बसवला असं सांगितलं की पुन्हा पहिल्यापासून मोजतं.”

महाराज कलियुगाला दूषणं देत ढिगात आपल्या खडावा शोधू लागले.

“पण मॅडम, खर्च तर खरंच कमी झाला,” शंतनू पडेल चेहऱ्यानं म्हणाला.

“पुंजारामभाऊ, हल्ली तुम्ही मोबाइलवरच्या आरत्या छापत नाही. का?”

“आता हर बार चप्पल कोण काढंल, ताई? लई झंझट हाय. छापतच नाय मी.”

हशा पिकला. मृण्मयीनं भिंतीवर चिकटवलेला महाराजांच्या मंत्राचा कागद सोलून काढला. त्याच्याखाली तिची जुनी सूचना होती. दोन्ही बाजूंनी छापा, उगाच छापू नका.

मालक केशवराव खजील झाले. “ठरलं. सगळ्या शाखांची छपाई मृण्मयीच बघेल. आजपासून ती सांगेल तसंच करायचं, एकानंही उलट प्रश्न विचारायचा नाही.”

ज्यासाठी ती इतके दिवस जळत होती, ते आयतं पदरात पडलं होतं. सगळे माना डोलावत होते, अगदी महाराजांपुढे डोलावल्या होत्या तशाच. ते पाहून तिचा आनंद विरला.

“काम मी करीन, सर. पण प्रश्न विचारू द्या,” ती म्हणाली. “महाराज म्हणाले म्हणून तुम्ही चपला काढल्यात. आता मी म्हणते म्हणून घालू नका. कुणीही काही सांगितलं तर आधी विचारा, असं का? आणि उत्तर मिळेपर्यंत डोळे मिटू नका.”

मग पुंजारामांनी चाचरत हात वर केला.

“ताई, मग दोन्ही बाजूंनी का छापायचं, ते सांगा की.”

मृण्मयी हसली आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.