देवीचं उभं राहणं

"आरती, परत हललीस."

सुनीलसरांनी टाळी वाजवून तालीम थांबवली. आरतीला वाटत होतं, आपण अगदी दगडासारख्या उभ्या आहोत. तिने खाली पाहिलं. डावी कंबर बाहेर आली होती आणि अंग आपोआप डुलत होतं, कडेवर बाळ असल्यासारखं. बाळ तर कोपऱ्यात सासूबाईंच्या, झुंबरबाईंच्या मांडीवर होतं.

श्रीरामपूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धेच्या नाटकाची तयारी चालली होती. आरती वेशीवरच्या देवीची मूर्ती. गाव तिच्यापुढे भांडणार, रडणार, नवस बोलणार. तिने पहिला अंक संपेपर्यंत नुसतं उभं राहायचं. लग्नाआधी तिने हीच देवी केली होती, तेव्हा कपाळावर माशी बसली तरी पापणी लवली नव्हती.

"दोन्ही तळव्यांवर सारखं वजन दे. श्वास पोटात. पुन्हा."

पुन्हा तेच.

"उबं ऱ्हायला एवढं शिकावं लागतं व्हय?" कोपऱ्यातून झुंबरबाई म्हणाल्या. "आमी खर्डा गावाला जलमभर बांधावर उब्या ऱ्हायलो. कुनी टाळ्या न्हाई वाजिवल्या."

सगळे हसले. आरतीही हसली, आणि हसता हसता डुललीच.

तालमीनंतर सर तिच्याजवळ पायरीवर बसले. बराच वेळ चपलेचा पट्टा नीट करत राहिले. "स्पर्धा जवळ आलीये. तुझ्या जागी पूजाला उभी करतो. तू शिकव तिला. तुझ्या अंगाला माहितीये ते."

"माहीत होतं, सर," आरती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी ती आली.

पूजा कॉलेजातली पोर. गुडघे ताठ, दम छातीत अडकलेला. आरतीने खाली बसून तिची पावलं हातांनी जमिनीवर टेकवली, पाठीच्या कण्यावरून बोट फिरवलं, पोटावर तळहात ठेवला.

"ताठ नको होऊस गं. जड हो. खांद्यावर लेकरू आहे समज. आत्ताच डोळा लागलाय. हललीस तर उठेल."

पूजा हळूहळू स्थिरावली. खरं तर आरतीचं बाळ ती डुलायची थांबली की उठायचं. ते तिने सांगितलं नाही.

"ताई, प्रयोगाला मला दिसताल अशा विंगेत उब्या ऱ्हा," पूजा म्हणाली. "तुमच्याकडं बघितलं की जमतंय."

नगरला प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडला. प्रेक्षकांत बाळ किरकिरायला लागलं, तसं झुंबरबाईंनी ते विंगेत आणून आरतीच्या खांद्यावर दिलं. आरती डुलू लागली. बाळ पेंगुळलं.

तिने रंगमंचाकडे पाहिलं. पूजाची नजर तिच्यावर खिळलेली होती, आणि देवीची डावी कंबर हळूच बाहेर सरकत होती.

आरती थांबली.

बाळाने मान उचलली. ओठ मुडपले. समोर सगळं नाट्यगृह गप्प होतं. आरतीने दोन्ही तळव्यांवर भार दिला, श्वास पोटात घेतला, सोडला. तिच्या पोटाबरोबर बाळाचंही पोट वर झालं, खाली गेलं. मान पुन्हा खांद्यावर पडली. तिकडे देवी सरळ झाली होती.

अंक संपला. टाळ्या वाजत राहिल्या. सर धावत पूजाकडे गेले.

"झालं न्हवं? आन इकडं लेकरू," झुंबरबाई आत येत म्हणाल्या.

"थांबा आत्या," आरती ओठही न हलवता पुटपुटली. "आत्ताच डोळा लागलाय."

झुंबरबाईंनी पुढे केलेले हात मागे घेतले, आणि त्याही तिच्याशेजारी नुसत्या उभ्या राहिल्या.