वरील अर्थ बरोबर आहे

टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा दिवा... पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याशेजारी. तो लागलेला असला की कोणीतरी बघत असतं, असं तिला नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आणि तो कधीच विझत नाही, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं होतं. तरी आज ती सकाळपासून त्याच्याकडेच टक लावून बसली होती, कारण त्याच्याखाली, कीबोर्डवर, सुपरवायझरने आणून ठेवलेला कागद होता आणि त्या कागदाकडे पाहायचा तिला धीर होत नव्हता.

“वाचून सही करा, मॅडम. चारपर्यंत पाठवायचंय. उद्या कोर्टात लागणार आहे.”

वाचायची गरजच नव्हती. वाक्य तिला पाठ होतं. ‘आठ महिने लिफ्ट बंद, पेशंट आम्ही खांद्यावरून उतरवतोय. आता या संचालकांचे बारा वाजवल्याशिवाय मी गाडीला हात लावणार नाही.’ लिहिणारा एका इस्पितळातला ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. त्याखाली कंपनीच्या यंत्राने लावलेला अर्थ : संचालकांवर बारा वाजता गाडीने हल्ला. त्याखाली तिचा कर्मचारी क्रमांक, ‘धोका – खात्री केली’. आणि सहीच्या जागेवर एक ओळ : वरील अर्थ बरोबर आहे.

लोक कंपनीच्या साइटवर लिहायचे, यंत्र त्यातलं संशयास्पद वेचायचं, आणि खरं-खोटं ती ठरवायची – एका मजकुराला चाळीस सेकंद. इतक्या लोकांची भाषा, आणि ती तपासायला सगळ्या कंपनीत दोन माणसं. ड्रायव्हरचा मजकूर आला त्या दिवशी तर एकच. शेजारच्या चष्मेवालीची खुर्ची रिकामी होती. आदल्या आठवड्यात तिच्या हातून एक खरी धमकी सुटली, आणि संध्याकाळी दारातच तिचं ओळखपत्र काढून घेतलं. ती रडली नव्हती. नुसती गळ्यातली मोकळी जागा चाचपत उभी राहिली होती... तेव्हापासून हिचं बोट आपोआप ‘धोका’च्या लाल बटणाकडे जायचं. सोडलं आणि चुकलं, तर मी जाणार. अडवलं आणि चुकलं, तर दुसरंच कोणीतरी. एवढा साधा हिशेब तिने केला होता, आणि तो करायला चाळीस सेकंदही लागले नव्हते.

“हा माणूस कुठे आहे?” तिने विचारलं.

“आत. एकोणीस दिवस झाले. पोलिसांनी मागितलं, कंपनीने नाव, पत्ता, फोन, सगळं देऊन टाकलं.”

“पण बारा वाजवणं म्हणजे तसं नसतं. म्हणजे –”

“अहो, मला कळत नाही का? माझी बायको रोज माझे बारा वाजवते.” तो हसला, मग दिव्याकडे बघून आवाज खाली आणला. “पण मला कोणी विचारलं नाही. तुम्हाला विचारलं होतं. आता चुकलं म्हणालात, तर मग तेव्हा खात्री कशी दिलीत, हेही कोर्टातच विचारणार. तुमचं नाव वर जाईल. कंपनीचं काय, ती एक पत्रक काढेल आणि मोकळी होईल.”

दुपारी जिन्यात उभी राहून ती डबा खात होती, तोच आईचा फोन आला.

“तुझ्या भावाला सांगून ठेव, आज घरी आला की चामडीच लोळवते त्याची. तिसऱ्यांदा किल्ली हरवली!”

“आई, फोनवर असं बोलू नकोस.”

“अगं बाई! पोटच्या पोराला रागवूसुद्धा नको?”

“रागव. पण... साध्या शब्दांत.”

आई अगदी हळू म्हणाली, “तुला कोणी काही बोललं का गं?”

“नाही गं,” म्हणून तिने फोन ठेवला. जन्मात कोणाला न भिणारी आपली आई आपल्या एका वाक्याने दबकून बोलायला लागली... आणि तिकडे कुठल्याशा पोलीस ठाण्यात त्या ड्रायव्हरच्या घरची एखादी बाई एकोणीस दिवस समोरच्या साहेबाला सांगत असेल, अहो, ते तसं नसतं हो, आमच्यात सगळेच म्हणतात. आणि साहेब तिच्यापुढे कागद सरकवत असेल. भाषा जाणणाऱ्यांनी खात्री दिली आहे, बाई. भाषा जाणणाऱ्यांनी, म्हणजे मी.

पावणेचारला ती जागेवर आली. पेनचं टोपण काढलं. सही करणं किती सोपं आहे, याचीच तिला धडकी भरली. दोन रेघा, खाली एक टिंब, आणि तो माणूस आतच राहिला असता. जिने उतरताना कोणाला तरी खांद्यावर घेतलेला, घामाने निथळणारा, चेहरा नसलेला तो माणूस. सकाळपासूनची भीती तिला खुर्चीत दाबून बसवत होती, आणि ती तिची स्वतःची होती. आता वर चढत होती ती भीती त्याच्यासाठी होती, आणि ती बसू देत नव्हती.

“झालं का, मॅडम?”

“नाही,” ती म्हणाली. पेनला टोपण परत लावलं. पुढचं वाक्य अजून सापडत नव्हतं, आणि आपण केव्हा उठून उभ्या राहिलो, हे तिला आठवत नव्हतं.